तळ्याभोवती दुसरी फेरी

प्रिय हट्टूबाई,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. खुर्ची ओढ, बस, आणि मध्येच ‘बाबा’ हा शब्द आला म्हणून कागद बाजूला ठेवू नकोस. फोनवर मी बाबांचं नाव काढलं की तुझ्या दारावर नेमकं कोणीतरी येतं, गॅसवर काहीतरी उतू जातं, नाहीतर कोणीतरी शिकाऊ माणूस गाडीत बसून तुझी वाट बघत असतो. कागदापुढे ती सोय नाही, म्हणून लिहायला बसलेय. स्टिअरिंग धरून धरून बोटं आखडलीत, आणि दातांच्या डॉक्टरणीला बोटं आखडून चालत नाही. पण तुम्हा दोघांच्या हट्टापुढे माझ्या बोटांची कोणाला पडलीय?

तर बातमी अशी, की आम्ही तळ्याभोवतीच्या सहलीला निघालोय. आम्ही म्हणजे आई, बाबा आणि मी. हीच ती सहल, जिचे फोटो प्रत्येक ट्रॅव्हल एजंटच्या काचेवर चिकटवलेले असतात. आपल्या बाजूने डोंगर चढायचा, खिंडीत सीमा ओलांडून शेजारच्या देशात शिरायचं, घाट उतरून पलीकडच्या काठाने फिरायचं आणि शेवटी पुलावरून पुन्हा आपल्या देशात यायचं. घाट जिथे संपतो तिथे तुझं गाव आहे, हे काही तुला सांगायला नको. बाबांनाही सांगायला नको. पण गेला महिनाभर त्यांनी असा चेहरा केलाय, की जणू त्या काठावर नुसती झाडंच आहेत. ‘तळं बघायचंय,’ म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर पाण्याकडे फक्त रस्ता ओला आहे की कोरडा एवढ्यापुरतंच पाहिलं, त्याला अचानक तळं बघायचंय! ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते याला. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं, आणि दोघींनी ‘वा, छान’ म्हटलं. तुझे भाऊजी शहाणे. त्यांना बरोबर याच आठवड्यात ऑफिसचं काम निघालं.

गाडी माझी, आणि चालवायचीही मीच, असं बाबांनी परस्पर ठरवून टाकलं. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. अख्खी हयात ड्रायव्हिंग स्कूल चालवलेला माणूस. कोणाच्याही गाडीत बसला तरी पाच मिनिटांत ‘जरा बाजूला सर’ म्हणणारा. तो माझ्या हातात किल्ली ठेवतो आणि म्हणतो, गुडघा दुखतोय. मी आपली भोळी, गुडघ्याला लावायचं मलमही घेतलं.

बाबांना शेजारी बसवून घाट चढणं म्हणजे काय, हे या जगात तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला कळणार? शाळेच्या गाडीत त्यांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, माझ्या गाडीत नाही. पण पायाला ते कोण सांगणार? समोरून ट्रक आला की यांचा उजवा पाय पायपुसण्यावर दाणकन आपटतो. प्रत्येक वळणाआधी ‘आरसा’, वळणात ‘गिअर’, वळणानंतर पुन्हा ‘आरसा’. शेवटी मी म्हटलं, बाबा, मी वीस वर्षं गाडी चालवतेय. तर म्हणाले, ‘वीस वर्षं चुकीचीही चालवता येते.’ मागच्या सीटवर आई डोळे घट्ट मिटून लिंबू हुंगत बसलेली. तिला वळणांचा त्रास होतो ते तुला माहीत आहेच. तिने डोंगर पाहिला नाही, दरी पाहिली नाही, तळंही पाहिलं नाही, आणि संध्याकाळी खिंडीच्या अलीकडे मुक्कामाला उतरल्यावर म्हणते, ‘किती सुंदर रस्ता होता गं.’ मी कपाळावर हात मारून घेतला.

आता सीमेवरचा तमाशा ऐक. खिंडीत चौकी आहे, तिथे गाड्यांची रांग लागते. आमचा नंबर आला. चौकीवरचा अधिकारी तरुण होता, हसतमुख. त्याने खिडकीत वाकून साधा प्रश्न विचारला, कशासाठी चाललात? बाबा म्हणाले, ‘तळं बघायला.’ त्याच क्षणी मागून आई म्हणाली, ‘लेकीकडे.’ आणि मला वाटलं आपण सावरून घ्यावं, म्हणून मी म्हणाले, ‘नाही नाही, असंच, फिरायला.’ एका गाडीत तीन माणसं आणि तीन कारणं! त्या बिचाऱ्याचं हसू मावळलं. गाडी बाजूला घ्या म्हणाला. मग डिकी उघडली. डिकीत आमच्या बॅगा, आईची उशी, आणि तिच्याखाली एकात एक घातलेले चार नारिंगी शंकू. तेच, शाळेच्या मैदानावर रिव्हर्स शिकवायला मांडतात ते. त्याने विचारलं, हे कशाला? बाबा म्हणाले, ‘सवय.’ आता तूच सांग, सीमा ओलांडताना कोणी असं उत्तर देतं? अर्धा तास आम्ही तिथे उभे. त्याने शंकूच्या आत हात घालून पाहिलं, उशी दाबून पाहिली. बाबा तेवढ्या वेळात त्याला समजावत होते, की रांगेतल्या गाड्या चढावर उभ्या असताना पुढच्या गाडीपासून किती अंतर सोडायला हवं. मला वाटलं आता आम्हाला आतच घेतात. घेतलं असतं तर बरं झालं असतं, निदान झोप तरी मिळाली असती.

जुनं उगाळायचं नाही असं ठरवलं होतं, पण माझ्या मनातही ते साचलंय, म्हणून एकदाच लिहिते. तू त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच शेजारी बसून शिकवायला शिकलीस. शिकवण्याचं लायसन्स मिळवायला परीक्षेला बसते म्हणालीस, की बाबांचं ठरलेलं उत्तर: ‘अजून तयार नाहीस.’ पुढच्या वर्षी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. त्यांच्याकडे गाडी शिकता शिकता लोकांची लग्नं होतात, पोरं होतात, तरी ते परीक्षेला पाठवत नाहीत, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण गावाचं ठीक आहे, तू लेक होतीस. शेवटी तू सीमेपलीकडे जाऊन तिकडची परीक्षा दिलीस, पहिल्या फटक्यात पास झालीस आणि मिठाईचा खोका घेऊन शाळेत आलीस. आणि आपल्या बापाने भरल्या वर्गासमोर काय म्हणावं? ‘तिकडे काय, कोणालाही देतात.’ तू खोका टेबलावर ठेवलास आणि गेलीस. त्याला चार वर्षं झाली. तो खोका आम्ही कोणी उघडला नाही. मुंग्या लागल्या तेव्हा आईने डोळे पुसत टाकला. बाबांचं चुकलं. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलंय, एकदा नाही, अनेकदा. पण तूही त्यांचीच लेक, खाण तशी माती. त्यांनी स्वतः माझ्या दारात यावं, हा तुझा हेका. आणि तिला यायचं तर येईल, हा त्यांचा. मी दिवसभर परक्या माणसांना ‘आ करा’ म्हणते आणि ते मुकाट्याने करतात. माझ्या घरची दोन तोंडं मात्र मला चार वर्षांत उघडता आली नाहीत.

आणि वरून त्यांना तुझं काही पडलेलं नाही असंही नाही, तेच तर डोक्यात जातं! आई तुझ्याकडे राहून परत आली की बाबा स्वयंपाकघरात उगाचच धुतलेले ग्लास पुन्हा विसळत उभे राहतात. विचारत काहीच नाहीत. मग आई ओट्याशी बोलते. म्हणजे तोंड ओट्याकडे, आवाज मोठा: ‘दुसरी गाडी घेतली हो तिने,’ ‘खोकला होता, आता बरा आहे.’ ग्लास संपले की बाबा ताटं घेतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. हसावं की रडावं कळत नाही.

आता घाटातल्या त्या दिवसाबद्दल. तू म्हणशील कसला घाट, कसला दिवस. माझ्याशी नाटक करू नकोस. सीमा ओलांडून आम्ही उतरायला लागलो, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर पुढे एक छोटी पांढरी गाडी दिसली, टपावर शिकाऊची लाल पाटी, पाटीवर तुझ्या शाळेचा फोन नंबर. चालवणारा कोणीतरी आडदांड गृहस्थ, स्टिअरिंगला असा चिकटलेला, की जणू ते सोडलं तर तो बुडेल. आणि शेजारच्या सीटवर अंबाडा, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. शाळेत असल्यापासून तू पेन्सिल तिथेच खोचतेस आणि मग घरभर शोधतेस. बाबांनीही पाहिलं. त्यांचं ‘आरसा, गिअर, आरसा’ एकदम बंद पडलं. गाडीत एवढी शांतता झाली की आईने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, ‘पोचलो का?’

तुझी गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली. माझ्यामागे एक बस, बसच्या मागे अजून गाड्या, सगळे हॉर्न वाजवतायत. घाटात हळू चालणाऱ्या गाडीला बाजूला होता यावं म्हणून जागा ठेवलेल्या असतात. तिथे थांबायचं, मागच्यांना जाऊ द्यायचं, मग निघायचं. हा बाबांचा पहिल्या आठवड्यातला धडा, आणि तुझाही असणार. पहिली जागा आली, तुझी गाडी थांबली नाही. मला वाटलं शिकाऊ माणूस आहे, चुकलं असेल. दुसरी आली, तिथेही नाही. मी हॉर्नवर हात ठेवला, तर बाबांनी माझं मनगट धरलं. ‘शिकाऊ आहे,’ एवढंच म्हणाले. तिसरी जागा चांगली ऐसपैस होती, ट्रक मावेल एवढी, तीही तू सोडलीस, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिकवणाऱ्याचा स्वतःचा वेगळा आरसा असतो! तू आम्हाला केव्हाच पाहिलं होतंस. माझी गाडी तू ओळखतेस, शेजारी कोण बसलंय तेही तुला दिसत होतं. आणि तू आम्हाला पुढे जाऊ देत नव्हतीस. ‘बघा,’ म्हणत होतीस. चार वर्षं फोनवर जे बोलली नाहीस ते ब्रेकच्या दिव्यांनी बोलत होतीस, आणि मागच्या बसचा ड्रायव्हर मात्र माझ्या खानदानाचा उद्धार करत होता.

आणि ते बघत होते गं. पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. तो आडदांड गृहस्थ वळणाच्या आधीच गिअर उतरवायचा, वळणात ब्रेकला पाय लावायचा नाही, वळण संपलं की हलकेच सोडायचा. बाबा स्वतःशीच पुटपुटत होते, ‘आधी... आता... हं.’ एका ठिकाणी समोरून ट्रक आला, माझाच पाय ब्रेककडे गेला, पण तुझा माणूस डगमगला नाही, कडेला सरकला, थांबला, पुन्हा निघाला. मी बाबांच्या पायाकडे पाहिलं. पाय जागेवर होता. अख्ख्या घाटात एकदाही तो पायपुसण्यावर आपटला नाही. शेवटी त्यांनी सीटला पाठ टेकवली आणि म्हणाले, ‘घाईने शिकवलेलं नाही.’ बाबांच्या तोंडून एवढं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून मिरवणूक काढल्यासारखं आहे, हे तुला समजतं.

एवढं झाल्यावर कोणीही शहाणी माणसं काय करतील? थांबतील! घाट संपला, फाटा आला. तुझा डावीकडचा इंडिकेटर लागला. मीही डावीकडचा लावला. बाबा म्हणाले, ‘सरळ.’ मी म्हटलं, बाबा, लेक डावीकडे राहते. पुन्हा ‘सरळ,’ आणि आवाज असा की वाद घालायची सोय नाही. तुझी गाडी फाट्यावर थांबली होती. समोर एकही वाहन नव्हतं, तरी थांबली होती, दिवा लुकलुकत. तू दार उघडून खाली उतरली असतीस तर मी भर रस्त्यात गाडी लावली असती, मागच्या बसची पर्वा केली नसती. पण नाही! तू डावीकडे गेलीस, आम्ही सरळ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पुढे चहाच्या टपरीवर आईने डोळे उघडले, तिला सगळं कळलं, आणि ती आम्हा दोघांवर अशी कडाडली की टपरीवाला चहा गाळायचा थांबला. ‘माझी पोर दोन हातांवर होती आणि मला कोणी डोळे उघड म्हटलं नाही!’ दुसऱ्या दिवशी पुलापर्यंत तिने आमच्याशी अबोला धरला. त्यातल्या त्यात तोच शांत प्रवास झाला.

पूल ओलांडला, फेरी संपली. मी मनातल्या मनात माझ्या दवाखान्यात पोचले होते. तेवढ्यात बाबा म्हणतात, ‘तळं काही नीट दिसलं नाही. धुकं होतं.’ धुकं? एवढं ऊन होतं की माझा उजवा हात भाजून निघालाय! ‘अजून एक फेरी मारू,’ म्हणाले. मी चिडले, ओरडले, माझे पेशंट थांबलेत म्हणाले. एका बाईंच्या दाताचं अर्धं काम करून ठेवलंय, त्या तिकडे गाल धरून बसल्यात. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. आणि आई, जिला वळणं सोसत नाहीत, ती मागून हळूच म्हणाली, ‘लिंबं आहेत अजून.’ मग काय करणार! पेशंटना फोन केले, थापा मारल्या आणि गाडी पुन्हा घाटाकडे वळवली.

सीमेवर तोच अधिकारी. आम्हाला पाहून त्याला हसू आवरेना. तळं बघायचं राहिलं का, म्हणाला. या वेळी आई गप्प, मीही गप्प, जिभा दाताखाली धरलेल्या. आणि बाबा समोर बघत अगदी हळू म्हणाले, ‘मुलीकडे चाललोय.’ त्याने डिकी उघडलीसुद्धा नाही. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. पण छे! घाट उतरून फाट्यापाशी आलो तर म्हणे आज दमलोय, इथेच कुठेतरी उतरू. तुझ्या गावाच्या वेशीवर, पेट्रोल पंपाच्या मागे ते निळ्या खिडक्यांचं लॉज आहे ना, तिथे आम्ही कालपासून मुक्काम ठोकून आहोत. तुझ्या शाळेपासून चालत वीस मिनिटं. दोनदा खिंड ओलांडून इथवर आलेला माणूस वीस मिनिटांवर येऊन अडकलाय.

आज सकाळी खाली गाडीचा आवाज आला. आवाज माझ्याच गाडीचा, म्हणून चोर आले की काय या भीतीने मी खिडकीत धावले. लॉजच्या मागच्या अंगणात ते नारिंगी शंकू मांडलेले होते आणि स्टिअरिंगवर बाबा होते. रिव्हर्स घेत होते. मान वळवून मागे बघायचे, आरशात बघायचे, गाडी इंच इंच मागे यायची, आणि मागचं चाक शंकूवर चढायचं. मग ते खाली उतरायचे, उकिडवे बसून शंकू सरळ करायचे आणि पुन्हा सुरुवात. गुडघा दुखणारा माणूस उकिडवा बसत नाही, हट्टूबाई. चार दिवस नुसता राग राग करणारी मी तिथेच उभी राहून बघत होते. तिसऱ्यांदा शंकू आडवा झाला तेव्हा त्यांनी वर पाहिलं. मी दिसले. इंजिन बंद केलं, शंकू एकात एक घातले, वर आले आणि न्याहारीला बसून म्हणाले, ब्रेड शिळा आहे.

ते दुपारी झोपले तेव्हा मी आईला कोपऱ्यात घेतलं. तिला सगळं माहीत होतं, तिच्याकडून शपथ घेतली होती म्हणे. आपल्याकडे ठराविक वय उलटलं की लायसन्ससाठी पुन्हा रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागते. बाबांनी ती हिवाळ्यात दिली आणि नापास झाले. परीक्षा घेणारा त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने खाली मान घालून सांगितलं, ‘सर, अजून तयारी नाही.’ घरी येऊन बाबा आईला म्हणाले, ‘बरोबर केलं त्याने, मीच शिकवलंय तसं.’ त्या दिवसापासून त्यांनी शाळेत नवीन माणूस घेतलेला नाही आणि स्वतः रस्त्यावर गाडी काढलेली नाही. आता पुढच्या आठवड्यात दुसरी आणि शेवटची संधी आहे. ती हुकली की लायसन्स गेलं, शाळा गेली, आणि मग ते सकाळी उठून कुठे जाणार, हा आईचा प्रश्न. मी सरळ बाबांना उठवलं आणि म्हटलं, उद्यापासून मी शेजारी बसते, रोज तयारी करून घेते. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, ‘तू नको. तू मला पास करशील.’ मग भिंतीकडे वळून म्हणाले, ‘घाटात ती होती ना. तिच्याकडे तास मिळतो का बघ.’

तर आता हे पत्र कशासाठी, ते ऐक. मी तुझ्या शाळेत फोन केला आणि उद्या सकाळचा पहिला तास ठरवला. तुझ्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, शिकणारे नवीन आहेत की सरावाला येतायत? मी म्हटलं, सरावाला, वयस्कर गृहस्थ आहेत, जरा सांभाळून घ्या. नाव सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू तो तास दुसऱ्या कोणाला देऊन बाजाराला निघून गेली असतीस. मला तू माहीत आहेस. पण तू गाडीचं दार उघडावंस आणि समोर एकदम बाबा असावेत, हेही मला बरं वाटेना, म्हणून आईसाठी गोळ्या आणायच्या निमित्ताने बाहेर पडून हे पाकीट तुझ्या दाराखालून सरकवतेय. ते माफी मागतील अशी आशा ठेवू नकोस. ते सीट पुढे-मागे करतील, आरसे लावतील, पट्टा बांधतील आणि मग तू काय म्हणतेस याची वाट बघत समोर बघत बसतील. चुकले तर चुकलं म्हण. तयारी झाली नसेल तर तसं तोंडावर सांग, खोटं बोलू नकोस, त्यासाठीच ते तुझ्याकडे आलेत. पण तयार असतील, तर बाई, मागचा सगळा हिशेब बाजूला ठेव आणि ‘तयार आहात’ असं स्वच्छ शब्दांत म्हणून टाक. या घरात हे अजून कोणी कोणाला म्हटलेलं नाही.

तुझीच,
तुम्हा दोघांना पार कंटाळलेली,
ताई